वादविवादातील खरे यश

उन्हाळ्याची सुटी लागली, की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील दुपार फार जड होते. जाम नदीची धार रोडावते, बागाइतदार संत्र्याच्या झाडांना पाणी कसे पुरवावे या विवंचनेत असतात आणि मुले सावली शोधीत फिरतात. अशा दिवसांत कोठे वादविवादाचे शिबिर भरले आणि तेथून आपल्या शाळेचा एखादा विद्यार्थी फिरती ढाल घेऊन परतला, तर आम्हांस मोठा आनंद होतो. शाळा उघडताच प्रार्थनेच्या वेळी त्याचे नाव पुकारले जाते, टाळ्यांचा कडकडाट होतो, घरी पेढे वाटले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याने मिळविले ते नेमके काय, हे समजल्यावाचून केलेले कौतुक अपुरे राहते. म्हणून वादविवाद म्हणजे काय आणि त्यातील यश कशाने मोजावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आपल्याकडे हा विचार फार प्राचीन आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय आहे हे जाणण्याच्या इच्छेने दोघे बोलतात, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलणे, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मत न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडीत राहणे, ही वितंडा. आजही निरर्थक भांडणाला आपण ‘वितंडवाद’ म्हणतो, तो शब्द येथूनच आला. शास्त्रकारांची आणखी एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वतःचा सिद्धान्त सांगण्यापूर्वी ते प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, सविस्तर मांडीत. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही, त्याला त्याचे खंडन करण्याचा अधिकार तरी कसा पोहोचावा?

शिबिरात हीच रीत अंगवळणी पाडावयाची असते. एक उदाहरण घेऊ. समजा, विषय असा आहे : ‘आपल्या भागातील शेतकऱ्यास संत्र्याच्या बागेपेक्षा कापूस अधिक हिताचा आहे.’ चिठ्ठी उचलली आणि ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्याच विद्यार्थ्याच्या वाट्यास कापसाची बाजू आली. प्रथम तो हिरमुसतो. परंतु दोन दिवस शेतकऱ्यांशी बोलल्यावर त्याला मुद्दे सापडू लागतात. कापसाचे पीक त्याच वर्षी हाती येते, तर संत्र्याचे झाड लावल्यावर फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. कापूस कोरडवाहू जमिनीतही येतो, बागेला मात्र भर उन्हाळ्यात विहिरीचे पाणी लागते. वेचलेला कापूस भावाची वाट पाहत घरात ठेवता येतो, तोडलेले संत्रे नासू लागते. समोरचा पक्षही गप्प बसत नाही. बाग एकदा धरली की अनेक वर्षे फळ देते, आंबिया व मृग असे दोन बहार असल्यामुळे शेतकऱ्यास निवड करता येते, आणि बोंडअळी पडली की कापसाचा सगळा हिशेब कोलमडतो, असे तो सांगतो. मग खंडनाची पाळी येते. घंटा होण्याआधी, प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता हे ओळखून त्याच मुद्द्याला उत्तर द्यावयाचे असते. किरकोळ चुकीवर हसून वेळ काढणाऱ्याला चांगले परीक्षक गुण देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजू बदलली, की त्याच विद्यार्थ्याला संत्र्याचा कैवार घ्यावा लागतो. काही पालकांस ही दुटप्पी बोलण्याची शिकवण वाटते. आमचे मत निराळे आहे. दोन्ही बाजू तोलून पाहिल्यावर जे मत बनते, ते टिकाऊ असते. तो मुलगा घरी परतल्यावर वडिलांशी बागेविषयी बोलेल, तेव्हा त्याच्या बोलण्यात हट्ट कमी आणि माहिती अधिक असेल. आमच्या दृष्टीने ही मिळकत ढालीहून थोर आहे.

उन्हाळा आणि वाणीची साधना यांची सांगड महाराष्ट्रास नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ऐन उन्हाळ्यात लोकांनी एकत्र बसून नाना विषयांवरील विचार ऐकावे, असा तिचा परिपाठ पडला. ऐकणे ही बोलण्याची पहिली इयत्ता आहे, हे तिच्यापासून शिकावे.

आणि या शिक्षणाचे पुढे काय होते? आपल्या राज्यघटनेकडे पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे समारोपाचे भाषण केले, त्यात त्यांनी सांगितले की, मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्याच भाषणात त्यांनी आपल्याला वारंवार विरोध करणाऱ्या सभासदांचे नावे घेऊन आभार मानले. त्यांत हरि विष्णु कामत होते आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. हे दोघेही मध्यप्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी, आणि आपला छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. पण विरोधकाचे आभार मानण्याचा तो वारसा दोन्हीकडच्या मराठी मुलांचा आहे.

आमच्या गावास या वारशाची विशेष गरज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, आणि गोटमार सुरू होते. या प्रथेशी अनेकांची श्रद्धा निगडित आहे, हे आम्ही जाणतो. परंतु दगडांनी फुटलेली डोकी आणि काही घरांतून कायमची गेलेली माणसेही आम्ही विसरू शकत नाही. वादविवादाच्या व्यासपीठावरही दोन काठ असतात. तेथेही त्वेष असतो, ईर्ष्या असते, मध्ये जिंकून न्यावयाचे निशाण असते. भेद इतकाच, की तेथे फेकलेला मुद्दा समोरच्याने झेलावयाचा असतो, आणि सभा संपल्यावर दोन्ही पक्ष एका पंगतीस बसून जेवतात.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, शिबिरातून आलेल्या सोबत्याचे अभिनंदन करताना ढालीकडे अवश्य पाहा, पण त्याला दोन प्रश्नही विचारा. तुझ्या विरुद्ध पक्षाचा सर्वांत चांगला मुद्दा कोणता होता? आणि तो ऐकून तुझे मत कोठे बदलले? ज्याला या प्रश्नांची सरळ उत्तरे देता येतील, तो रिकाम्या हातांनी परतला असला, तरी त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी पुकारले जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.