ठरल्या रीतीचे काम

ज्या मुलास नवे काही सुचत नाही, पण घालून दिलेली रीत जो तंतोतंत पाळतो, त्यास ‘धंद्याच्या कामाचा नाही’ म्हणण्याची आपल्या घरांतून चाल आहे. आम्हांस हे अन्यायाचे वाटते. बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळा पाहाव्यात. कांतून आलेला भाग नकाशातील मर्यादेत बसतो की नाही, हे तपासनीस व्हर्नियरने पाहतो, त्यावर ०.०२ मिलिमीटरचा फरकही वाचता येतो. शंभरावा नग पहिल्याइतक्याच सावधपणे मोजावयाचा. येथे कल्पकता घातकच! (आपल्या रोजकीर्दीत तरी ती कोणास चालते?) औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर वा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यातच विद्यावेतन घेऊन शिकता येते.