दुखणं एकीचं, जागरण दुसरीचं

सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबमधल्या एका घरात, घरी येऊन दुखणं हलकं करणाऱ्या सिस्टरांबरोबर शिरले तेव्हा आजी खाटेवर एका कुशीवर होत्या. कर्करोग मणक्यापर्यंत पोचलेला. आधीचे उपचार बार्शीला झालेले. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. या भागातल्या कित्येक घरांना बार्शीची वाट ठाऊक आहे. आता गाठीवरचे उपचार थांबले होते, दुखण्यावरचे चालू होते.

"आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?"

"बारा."

"ठणका, की आग?"

"ठणका. पायात मधीच चमक मारती."

सिस्टरांनी दोन्ही वेगवेगळं टिपलं. ठणका हाडाचा, चमक शिरेची, औषधंही वेगळी.

सून मॉर्फिनची गोळी कळ असह्य झाली की मगच देत होती. "आत्यांना सवय लागंल म्हणून." 2014 मध्ये कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं झालं, पण घरातली ही भीती कुणीतरी शेजारी बसूनच घालवावी लागते. सिस्टर सांगत होत्या : गोळी घड्याळाप्रमाणे, दर चार तासांनी, कळ उठायच्या आधी. झोपताना डॉक्टरांनी लिहिलेली दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री गोळीसाठी उठावं लागत नाही. सोबत पोट साफ राहायचं औषध रोज.

मग कूस बदलणं. हात धरून ओढायचं नाही. खाली दुमडलेली चादर दोघांनी धरून खांदा आणि कंबर एकदम वळवायची. दर दोन तासांनी. अंथरुणाला सुरकुती नको.

सगळं झाल्यावर सिस्टरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी झोपता?"

सून गप्प. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "हे मला कुणी इचारलंच न्हाई."

सिस्टर सर्वांत जास्त वेळ बसल्या त्या इथे. मुलाला बोलावलं, चादर त्याच्या हातात दिली, तीनदा करून घेतलं. कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवारच्या रात्री त्याच्या नावावर लिहिल्या.

पुण्यात वारज्याचं सिप्लाचं उपशामक शुश्रूषा केंद्र 1997 पासून रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतं, त्याला शुश्रूषा शिकवतं. तेच काम इथे ओसरीवर चाललं होतं.

आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा फळांची पिशवी नेली नाही तरी चालेल. उशाशी बसणाऱ्या बाईला एवढं म्हणा, "दोन तास मी बसते, तुम्ही झोपा." आणि खरंच बसा.