शेवटचा स्वार येईपर्यंत

मुरूम आणि खडीच्या कच्च्या रस्त्यांवरून सायकलने लांबचा पल्ला गाठण्याच्या छंदाला अमेरिकेत ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. या छंदाचे मेळावे गेल्या वीस वर्षांत फार पालटले. त्यांच्याकडून लोकांच्या असलेल्या अपेक्षाही पालटल्या. ही कथा उतारवयातील वाचकांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांनीही समजून घेण्याजोगी आहे.

२००५ साली आयोवा राज्यात ‘ट्रान्स आयोवा’ सुरू झाली. अंतर तीनशे मैलांहून अधिक; प्रवेशशुल्क मुळीच नाही; नाव नोंदवायचे ते पोस्टकार्ड धाडून. पुढच्याच वर्षी कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या लहानशा गावातून ३४ सायकलस्वार २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरच्या प्रवासाला निघाले. तेथील फ्लिंट हिल्स या टेकड्यांतील गारगोटीचे धारदार दगड टायर चिरून टाकतात. या शर्यतीचे तेव्हाचे नाव ‘डर्टी कॅन्झा’. आयोजकांकडून फारसे काही मागायचे नाही, स्वतःचा भार स्वतः वाहायचा, ही त्या काळची रीत होती. ठरलेल्या थांब्यांवर आपली माणसे पाणी आणि शिदोरी घेऊन उभी असत, तेवढाच काय तो आधार.

२०१८ मध्ये ही शर्यत ‘लाइफ टाइम’ या कंपनीने विकत घेतली. ‘कॅन्झा’ हे नाव तेथील मूळनिवासी कॉ लोकांशी निगडित असल्याने त्याविषयी आक्षेप घेतले गेले आणि २०२० मध्ये ते बदलून ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ झाले. आज हजारो लोक येतात आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. व्यावसायिक खेळाडू आले, बक्षिसे आली, नियम आले. पूर्वीचा साधेपणा हरवल्याची खंत जुन्या मंडळींना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही.

परंतु याच बदलाची दुसरी बाजू आपल्या दृष्टीने मोलाची आहे. एम्पोरियात आता २०० मैलांखेरीज २५, ५० आणि १०० मैलांचे पल्लेही आहेत. जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांत वयोगट पाडलेले असल्याने साठीच्या माणसाला पंचविशीच्या तरुणाशी झुंजावे लागत नाही. ओक्लाहोमातील ‘मिड साउथ’ शर्यतीचे आयोजक बॉबी विंटल अंतिम रेषेवर येणाऱ्यांना मिठी मारून त्यांचे स्वागत करतात. शेवटच्या स्वारासाठीही तेथे गर्दी थांबते. पल्ला निवडणे आणि सावकाश पोहोचणे यांत कमीपणा नाही, हे या मेळाव्यांनी कालांतराने मान्य केले.

हाच समजूतदारपणा आपण घरात दाखवतो का? वय वाढते तशी हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती उतरते आणि तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास डॉक्टरांचाच शब्द पाळावा. रक्तदाबाची काही औषधे ठोके वाढू देत नाहीत. तेव्हा मनगटी घड्याळातील आकड्यापेक्षा ‘चालवताना सहज बोलता येते का’ ही कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरकरणी काही न दिसले तरी रुग्णालय गाठावे. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तळहात व करंगळी बधिर होते. रुंद टायर, त्यात थोडी कमी हवा आणि मुठीची जागा बदलत राहणे यांनी आराम पडतो. सायकलने हृदय-फुप्फुसांना व्यायाम मिळतो, पण हाडांवर पुरेसा भार पडत नाही; म्हणून चालणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव सोडू नये. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा अनपेक्षित धाप लागणे ही तत्काळ थांबण्याची आणि मदत मागण्याची चिन्हे आहेत.

कुटुंबीयांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वडीलधाऱ्यांनी थकवा सांगितला की आपण घाबरून म्हणतो, “आता सायकल बंद!” पुढच्या वेळी ते थकवा सांगत नाहीत. भोवळ आल्याचे लपवले जाते, किरकोळ पडणे बाहीखाली झाकले जाते, आणि जो धोका आपण टाळू पाहत होतो तोच नजरेआड वाढत राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच शांतपणे बोलून ठरवावे: कोठवर जायचे, कोणत्या वेळी फोन करायचा, औषधांची यादी कोणत्या खिशात ठेवायची, आणि काय झाले तर माघारी वळायचे. खरे सांगितल्याबद्दल सायकल काढून घेतली जाणार नाही, एवढा विश्वास मात्र द्यावा. बेत आखताना वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि त्या चर्चेत वडीलधाऱ्यांनाच प्रथम बोलू द्यावे.

एम्पोरियाच्या थांब्यांवर उभी राहणारी घरची माणसे कोणाला अडवण्यासाठी तेथे नसतात. ती पाणी भरतात, चेहरा निरखतात, दोन शब्द विचारतात आणि पुढे जायचे की थांबायचे, हे ठरवायला साथ देतात. घरातील काळजीवाहकाचे कामही याहून फारसे वेगळे नाही. आपल्या माणसाचा पल्ला पाच किलोमीटरांचा असो की पन्नासांचा, तो परत येईपर्यंत दार उघडे असावे आणि आल्यावर पहिला प्रश्न वेळेचा नव्हे, प्रकृतीचा असावा.