फरशी उखडण्याआधी

मुंबई-पुण्याच्या जुन्या स्वयंपाकघरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या (मुंबईची ‘भारत टाइल्स’ १९२२ पासूनची) भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंग ओतून त्या दाबयंत्राखाली घडवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्याने मळलेली फरशी पॉलिश करून पुन्हा उजळते. ॲसिड मात्र अजिबात नको. सिमेंटच खाल्लं जातं. ओट्याचा कडप्पाही चुनखडीचाच दगड, त्यामुळे सांडलेलं लिंबू लगेच पुसा. ओट्याखाली ट्रॉल्या जरूर बसवा, पण जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. मापं दोन्ही टोकांना घ्या. सागवानी फडताळावर सनमायका चिकटवणं हा शुद्ध करंटेपणा. वायरिंग मात्र बिनदिक्कत बदला: मायक्रोवेव्हचा भार जुन्या तारांना पेलत नाही.