जुन्या मोटरहोममधली बॅटरी

मोटरहोम म्हणजे एकाच सांगाड्यावर उभे केलेले वाहन आणि घर. त्यामुळे त्यातली बॅटरीची व्यवस्थाही दुहेरी असते. एक बॅटरी इंजिन सुरू करते, तर दुसरी दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालवते. जनरल मोटर्सने अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात बनवलेले जीएमसी मोटरहोम हे या मांडणीचे चांगले उदाहरण आहे. अशी सुमारे १३,००० वाहने तयार झाली आणि त्यांतली बरीच हौशी मालकांनी आजही चालती ठेवली आहेत. इतक्या जुन्या वाहनात घराची बॅटरी वरचेवर 'बसते', आणि बहुतेक मालक नवी आणून मोकळे होतात. वर्षा-दोन वर्षांत तीही बसते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसतो. तो तिला चार्ज करणाऱ्या यंत्रणेत किंवा तारांच्या जोडांत असतो.

दोन्ही बॅटऱ्या शिसे आणि गंधकाम्लाच्याच, पण त्यांची घडण वेगळी. स्टार्टर फिरवायला काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून इंजिनाच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ संख्येने बसवतात. घराच्या बॅटरीला रात्रभर थोडी थोडी वीज द्यायची असते, त्यामुळे तिच्या प्लेटा जाड असतात. आपल्याकडे घरगुती इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी याच कुळातली. कारची बॅटरी घराच्या जागी बसवली, तर काही वेळा खोलवर रिकामी होताच ती निकामी होते. अमेरिकेत गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडण्याची पद्धत रूढ आहे. त्यातून १२ व्होल्ट आणि सुमारे २२० अँपिअर-तास क्षमता मिळते. त्यातली निम्मीच वापरावी. त्याखाली वारंवार गेल्यास आयुष्य झपाट्याने घटते.

बॅटरी किती भरली आहे, हे साधा मल्टिमीटर सांगतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, म्हणून पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२.२ च्या आसपास आला की ती निम्मी रिकामी झाली, आणि १२ च्या खाली गेला की जवळजवळ संपली. मात्र मोजण्याआधी चार्जर आणि सगळी उपकरणे बंद करून तिला काही तास स्वस्थ ठेवावे लागते. चार्जर काढल्याबरोबर घेतलेला आकडा फसवा असतो. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर अधिक खात्रीचा. पूर्ण चार्ज असताना ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ च्या आसपास येते. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल, तर मात्र बॅटरीच खराब आहे.

बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचते आणि चार्जिंगमध्ये ते पुन्हा विरघळते. रिकामी बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली की त्याचे स्फटिक कडक होतात आणि मग चार्जिंगला दाद देत नाहीत. थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो. रिकाम्या बॅटरीतले ॲसिड इतके पातळ झालेले असते की शून्याखाली सात-आठ अंशांतच ते गोठू शकते आणि खोके तडकते. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही.

आता चार्जिंग. गाडी चालू असताना अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना वीज देतो. पण घरातल्या वापराने इंजिनाची बॅटरी रिकामी होऊ नये म्हणून मध्ये आयसोलेटर लागतो. त्या काळचे आयसोलेटर डायोडचे, आणि डायोड ०.७ व्होल्टच्या आसपास गिळतो. अल्टरनेटरकडून १४.२ व्होल्ट निघाले, तर बॅटरीपर्यंत साडेतेरा पोहोचतात. एवढ्यावर बॅटरी पूर्ण भरत नाही. रेग्युलेटरची मोजणारी तार डायोडच्या पुढे, बॅटरीच्या बाजूला असेल, तर ही घट भरून निघते. पुढे कोणी स्वतःच्याच टोकाशी व्होल्टेज मोजणारा अल्टरनेटर बसवला, तर तीच घट परत येते. दिसायला सगळे ठीक आणि बॅटरी कायम अर्धपोटी! त्यावर रिलेचा आयसोलेटर हा सरळ उपाय आहे.

बाहेरून १२० व्होल्टची जोडणी घेतली की बॅटरी चार्ज करण्याचे काम कन्व्हर्टर करतो. गुणगुणणारे जुने कन्व्हर्टर बॅटरी भरल्यावरही चार्जिंगचा जोर कमी करत नाहीत. महिनोन्महिने जोडून ठेवले की पाणी उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. तीन टप्प्यांचा नवा चार्जर आधी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि मग साडेतेराच्या आसपास उतरून थांबतो. जुन्या मोटरहोममध्ये पैसे आधी इथे घालावेत, बॅटरीवर नंतर.

तारांचा दोष शोधण्याची एक साधी युक्ती आहे. हीटरचा पंखा चालू करावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे पंख्याच्या धन टोकावर टेकवावे. आकडा अर्ध्या व्होल्टपर्यंत गेला, तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड, सैल फ्यूज किंवा हिरवी पडलेली तार आहे. मग हेच ऋण बाजूलाही करावे, कारण निम्मे दोष अर्थिंगमध्येच दडलेले असतात. जीएमसीसारख्या वाहनात बॉडीचा बराच भाग फायबरग्लासचा. त्यातून प्रवाह परत येत नाही, म्हणून सांगाड्यापर्यंतची प्रत्येक अर्थची तार महत्त्वाची.

उभ्या गाडीतही बॅटरी झिरपत असते. गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र, रेडिओची मेमरी यांसारख्या गोष्टींनी मिळून ०.१ अँपिअर घेतला, तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. गाडी ठेवून देताना मुख्य स्विच बंद करावा किंवा ऋण तार काढावी.

निगा थोडकीच, पण नियमित हवी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तरच आधी, त्या बुडण्यापुरते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा, झाकणे मात्र घट्ट बंद असावीत. तारा काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. अंगठी आणि कडे काढून ठेवावे. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याची झडप मोकळी ठेवावी. धन तारेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

शिशाच्या बॅटरीऐवजी लावता येणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि तिची बरीचशी क्षमता वापरता येते. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये आणि तिला जुना कन्व्हर्टर चालत नाही. शिवाय रिकामी असताना ती इतका प्रवाह ओढते की जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. ती घेणाऱ्याने तिच्याबरोबर नवा चार्जर आणि अल्टरनेटरवरचा भार आवरणारा डीसी-डीसी चार्जर यांचाही खर्च धरावा.