जुन्या बलाढ्य मोटारीस स्वयंचलित गिअरबॉक्स कोणता निवडावा?



आपल्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन नागपुरास मोटार-दुरुस्तीचें काम शिकणारा एक विद्यार्थी गेल्या सुट्टींत राळेगांवीं मला भेटला. त्याच्या उस्तादाकडे १९६९ सालची एक शेव्हरोले शेव्हेल आली आहे. तिच्या वृद्ध मालकांचा डावा पाय गुडघ्यांत वांकत नाहीं, म्हणून क्लच दाबतां येत नाहीं. गाडी विकण्यास त्यांचें मन घेत नाहीं. "सर, स्वयंचलित गिअरबॉक्स बसवावयाचा तर सर्वांत मजबूत कोणता?" असें त्यानें विचारलें. मी मिस्त्री नव्हे; परंतु पदार्थविज्ञानाच्या आधारें प्रश्न उलगडतां येतो.

मध्यम आकाराच्या गाडींत मोठें इंजिन बसविण्याची चाल अमेरिकेंत १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून फैलावली; अशा गाड्यांस 'मसल कार' म्हणतात. इंजिन कितीही जोरदार असलें तरी उभी गाडी हलवितांना त्यास पहारेसारखें साधन लागतें. पहारेचें लांब टोंक पुष्कळ हलवावें तेव्हां दगड थोडा उचलतो. पण उचलतो खरा. गिअर हेंच करतो. पहिला गिअर २.५२ चा आहे, याचा अर्थ इंजिनाचे २.५२ फेरे होतात तेव्हां शाफ्टचा एक होतो. वेग घटतो, ओढ वाढते.

क्लचचें काम येथें तेल करतें. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें असेच दोन पंखे तेलांत बुडालेले असून मधला तिसरा परतणाऱ्या तेलास योग्य दिशा देतो व निघतांना ओढ वाढवितो. पुढें तेलाच्या दाबानेंच गिअर बदलतात. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला स्वयंचलित गिअरबॉक्स, हायड्रा-मॅटिक, जनरल मोटर्सनें १९३९ सालीं बाजारांत आणला. याच कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९२८ पासून मुंबईस शिवडी येथें होता.

शेव्हरोलेकरितां मुख्यतः चार पर्याय आहेत. पॉवरग्लाइड (१९५०) हलका व साधा; पण त्यास दोनच गिअर. टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) तीन गिअरांचा व अत्यंत मजबूत. परंतु जड, आणि स्वतः फिरण्यांतच इंजिनाची अधिक शक्ति खाणारा. त्याचा धाकटा भाऊ ३५० (१९६९) साधारण इंजिनास पुरेसा आहे. चौथा ७००-आर-४ (१९८२) चार गिअरांचा. त्याचा पहिला गिअर ३.०६ चा, म्हणजे ३५० हून सुमारें एकपंचमांश अधिक ओढीचा; चौथा ०.७० चा. तिसऱ्यांत इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगानें चौथ्यांत २,१०० च घेईल. आवाज, झीज व पेट्रोल तिन्ही कमी होतात.

मात्र मागच्या आंसाचें प्रमाण पाहिल्यावांचून भुलूं नये. तें ३.७३ असल्यास चौथ्या गिअरांत एकूण प्रमाण २.६१ होतें, हें उत्तम. पण तें २.७३ असल्यास १.९१ च उरतें, आणि चढावर इंजिन धापा टाकूं लागतें. तसेंच ७००-आर-४ ची थ्रॉटलला जोडलेली तार चुकीची बसली तर तेलाचा दाब घटून आंतील क्लच-पट्ट्या थोडक्याच प्रवासांत जळतात. आरंभींच्या प्रतींपेक्षां १९८७ नंतरच्या अधिक सुधारलेल्या आहेत. शाफ्टची लांबी व मागील आधारपट्टी मोजून मगच पैसे द्यावे. आपल्याकडील उन्हाळ्यांत तेल थंड ठेवणारा वेगळा कूलर हवाच. आणि लिव्हर 'पार्क' वा 'न्यूट्रल'मध्यें नसतां इंजिन सुरूं न होऊं देणारा स्विच कदापि विसरूं नये.

मीं त्या विद्यार्थ्यास उलट विचारलें, "मालक कोठें जातात?" नागपुराहून हिंगणघाट, वडकी या मार्गानें ते आपल्या शेतावर येतात, असें तो म्हणाला. इतका लांब हमरस्ता असल्यामुळें आंस योग्य निघाल्यास ७००-आर-४, नाहींतर ३५० बसवावा, असें ठरलें. ४०० ची मजबुती त्यांस निरुपयोगी ओझें झाली असती.

परत जातांना त्यानें वहींत पहिला प्रश्न खोडून तेथें असें लिहिलें: "इंजिन केवढें, आंस कोणता, रस्ता कसा, चालविणारा कोण?" मित्रहो, कोणतेंही यंत्र निवडतांना आधीं एवढें विचारावें.