एकच अपघात, तीन जबान्या

समजा, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर कामगाराचा हात सापडला. शेजारच्या लेथवरचा सांगतो, आधी किंकाळी ऐकली. हेल्पर म्हणतो, आधी प्रेस धाडकन आपटला. सुपरवायझरला प्रेसचा सुरक्षा-गार्ड उघडा दिसला, पण तिथे आणखी कोण होतं ते आठवत नाही. कुणीतरी खोटं बोलतंय, असं मालकाला लगेच वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

भेदरलेल्या माणसाचं लक्ष एखाद्याच गोष्टीवर खिळतं; बाकीचं नीट नोंदलंच जात नाही. शिवाय आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि त्यात नंतर कानावर पडलेलंही मिसळतं. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं; काहींना ‘आदळून चेंदामेंदा झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरून. आठवड्याने फुटलेली काच दिसली का, असं विचारल्यावर पहिल्या गटात ५० पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यात १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सांगितलं. मला तर शब्दशः जुळणाऱ्या जबान्यांचीच जास्त शंका येते.

म्हणून कारखान्यात चौकशी करणाऱ्यांना विनंती: प्रत्येकाला वेगळं बसवा, त्याच दिवशी विचारा, आणि ‘गार्ड उघडा होता ना?’ असं नको, ‘काय पाहिलंत?’ एवढंच विचारा.